भिंतीवरचे ओरखडे

आई, उजवा हात वर जात नाही गं. तुझा डावा होता, एवढाच काय तो फरक. छातीचं ऑपरेशन झालं, किरणं देऊन झाली, डॉक्टर म्हणाले गाठीची काळजी सोडा; आणि हा मेला खांदा गंजलेल्या कडीसारखा अडून बसलाय. ब्लाउजच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी येतं. मग तुझी आठवण येते, आणि रागही येतो, की तू एकदाही 'दुखतंय' म्हणाली नाहीस.

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा निजामपुऱ्यात घरोघरी केबल येत होती आणि मी नुकती नोकरीला लागले होते. समोरच्या गुजराती बेन दारातूनच बजावून गेल्या, "हाथ जरा पण हलावशो नहीं!" हात जरासुद्धा हलवायचा नाही, मला ते ब्रह्मवाक्य वाटलं. वरच्या फळीवरचे तुझे सगळे डबे मी ओट्याखाली आणले. धुणं मी, पोळ्या मी, तुझा अंबाडासुद्धा मीच घालायची. तू पदराखाली हात पोटाशी धरून बसायचीस. दोन महिने मी तुला असं जपलं आणि खांदा पार आखडवून टाकला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "एवढं प्रेम पुरे आता. काम करू द्या त्यांना." इतकी लाज वाटली मला!

त्यांनी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चढवायची, पोचतील तिथे खूण. तू ओट्याशेजारची भिंत धरलीस, पेन्सिल माझ्या हातात. "दिवाळीच्या आत माझा अंबाडा मी घालणार. तू घालतेस तो अंबाडा आहे की बटाटेवडा?" म्हणायचीस. पण खूण सरकेना. एक दिवस तर बोटं खालीच थांबली, आणि तुझा चेहरा मला बघवेना. दुसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेल्यावर मी वरची खूण खोडरबराने पुसली आणि चांगली चार बोटं खाली काढली. मग तू ती ओलांडलीस आणि काय हसलीस गं! त्या दिवशी शिरा केलास. मी तीनचार वेळा तेच केलं.

एका सकाळी मी पेन्सिल घेऊन आले, तर तू केसांतला आकडा काढून भिंतीवर ओरखडा ओढत होतीस. "पेन्सिल राहू दे. हा पुसला जात नाही," म्हणालीस आणि चहा मागितलास. बस, एवढंच. दिवाळी हुकली, पण संक्रांतीला अंबाडा तू घातलास. वाकडा होता, तुझा होता.

दोनदा रंग झाला तरी ते ओरखडे बोटांना लागतात. मी तिथेच हात चढवते. लेकीने माझे डबे खाली आणले होते, मी रागावून परत वर ठेवायला लावले. हे पत्रही त्या डब्यांमागेच ठेवणार होते, पण तिथवर हात पोचत नाही.

आज बोटं कालच्या खुणेलाही पोचली नाहीत. पोरगी पेन्सिल घेऊन श्वास रोखून उभी. ती क्षणभर गॅसकडे वळली, तेवढ्यात मी टाचा उचलल्या. केवढी खूश झाली गं! शिरा करतेय. उद्या आकडा शोधीन, आई. आज शिरा खाते.