ओटीऐवजी दिलेली बाटली

नवनगर, हुबळी
१० नोव्हेंबर २०२५

ती. मालतीकाकूंस,
मधुवंतीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मागच्या पत्रात मी एक चुकीचं कळवलं, ते आधी दुरुस्त करते. चंद्रभागाने लोभापायी बाजारातलं जहाल औषध आणून मिरचीवर मारलं, असं मी लिहिलं होतं. तिने ते विकत आणलंच नव्हतं. ती बाटली आपल्या घरची होती.

समोर आले की मला बोलता येत नाही आणि तुमचा फोन साकेतदादाकडे असतो, म्हणून पुन्हा पत्रच लिहिते आहे.

नवरात्रातल्या शुक्रवारी मी तिला घेऊन कमरीपेठेत तुमच्याकडे आले होते. आत सवाष्णींच्या ओट्या भरणं चाललं होतं. चंद्रभागा विधवा, ती आपणहून दाराशीच बसली. तुम्ही म्हणालात की ओटी भरता येत नाही, पण बाईला रिकाम्या हाती कशी पाठवू, आणि दादाच्या शेतीऔषधांच्या दुकानातली कडुलिंबाच्या अर्काची बाटली तिच्या पदरात घातलीत. मला केवढं बरं वाटलं होतं.

आमच्या सरकारी योजनेत कडुलिंब चालतो, रासायनिक औषध चालत नाही. बांधावर मका आणि झेंडू राखायचा, पिकात सापळे लावायचे आणि कीड मर्यादेबाहेर गेल्याशिवाय काही फवारायचं नाही. तोवर किडीला खाणाऱ्या मित्रकिडी आपलं काम करतात. कुंदगोळकडच्या बायकांना हे पटावं म्हणून आम्ही चंद्रभागाचं शेत दाखवत होतो. तिने ती बाटली फवारली आणि झेंडूखाली मधमाश्यांचा सडा पडला. मिरचीच्या तपासणीत औषध निघालं. ते कुठून आलं हे तिला न विचारताच मी अहवाल लिहिला आणि गावच्या बैठकीत कानडीत वाचून दाखवला. तिला योजनेतून काढलं. आता तिची मिरची कुणी घेत नाही.

परवा तिच्या घरी ती बाटली दिसली. उरलेलं तपासून घेतलं, तेच औषध आहे. बैठकीत का बोलली नाहीस असं मी विचारलं, तर म्हणाली की अक्कोरूंच्या, म्हणजे माझ्या, घरून मिळालेलं, त्याला चारचौघींत विष कसं म्हणायचं.

आणखी एक दुरुस्ती. बैठकीत ती रडली असं मी लिहिलं होतं. ती रडली नाही. बायकांनी उभं राहून माफी मागायला लावली, तेव्हा तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मागितली.

बाटल्या बनवणाऱ्याने दादाला फसवलं असणार. तुम्ही त्याला विचाराल का? उत्तर लवकर यावं, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ नये, एवढंच मागणं.

तुमची
मधुवंती


कमरीपेठ, हुबळी
१३ नोव्हेंबर

चि. मधुवंतीस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या ओळी अजून उजवीकडे उतरतात. शाळेत जाण्याआधी पाटीवर मी इतकं गिरवून घेतलं, ते फुकट गेलं म्हणायचं. इकडे सगळे खुशाल. तुझ्या काकांचा गुडघा थंडीने धरलाय, तरी चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला चालत जातात.

दादाला कुणी फसवलेलं नाही. ती बाटली तोच बनवतो. नुसत्या कडुलिंबाने किडा मरायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकाला सकाळी फवारल्यावर संध्याकाळी मेलेला दिसावा लागतो. म्हणून तारिहाळच्या गोदामात तो त्यात कडक औषध मिसळतो. वरचं चित्र कडुलिंबाचंच असतं, पानं छान आली आहेत.

आणि ती बाटली मी चुकून दिली असं वाटत असेल तर तेही काढून टाक. तुमच्या त्या योजनेच्या पाट्या लागल्यापासून त्या बाजूच्या बायका दुकानात फिरकेनात. साकेत म्हणाला की एक दाखवायचं शेत बिघडलं म्हणजे बाकीच्या आपोआप येतील. आल्या. तू तिला घरी आणलंस म्हणून सोपं गेलं. दुसऱ्या कुणी दिली असती तर तिने दहा वेळा हुंगून पाहिली असती.

हे सगळं लिहून देते, कारण तुला मी ओळखते. लहानपणी दौत सांडली की तू दुसऱ्याचं नाव घ्यायची नाहीस आणि स्वतःचंही नाही. नुसता ताप काढायचीस. आताही दोन दिवस पडून राहा, बरं वाटेल. येताना धारवाडचा पेढा आण, पण लाइन बाजारातलाच. काकूवर राग धरलास तरी जेवायला यायचं सोडू नकोस.

तुझी
मालतीकाकू


नवनगर
१६ नोव्हेंबर

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

ताप आला नाही. आपलं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, एखादी ओळ थट्टेची असेल म्हणून. तशी सापडली नाही.

मी कार्यालयात सगळं सांगणार आहे. दादाने आपणहून बाटल्या परत घेतल्या तर मी तेही सांगेन, त्याचा उपयोग त्याला होईल. आठवडाभर थांबते. थांबणं बरोबर आहे का, हे मला कळत नाही. तोवर त्या बाटल्या कुणीतरी फवारतच असणार.

काकांचा गुडघा जपावा. माझा नमस्कार त्यांना पोचवावा.

मधुवंती


कमरीपेठ
१९ नोव्हेंबर

चि. मधुवंतीस,
आशीर्वाद.

तुझा आठवडा आम्ही वाया घालवला नाही. चंद्रभागाला बोलावून घेतलं. मिरची कुणी घेत नाही म्हणालीस, तेव्हा बाईची सोय करायला नको का? साकेतने तिला तारिहाळला कामाला ठेवलं. त्याच बाटल्यांवर लेबलं चिकटवते. हात स्वच्छ आहे तिचा, एक लेबल वाकडं जात नाही. बाटली आपण आठवड्याच्या बाजारातून घेतली होती, असं तिने शेजारच्या शकुंतलाबाईंसमोर कबूल केलं. तुझ्या अहवालातही तेच आहे, तेव्हा तिघींचं एकमत झालं. जाताना माझ्या पाया पडली.

आता तू तोंड उघडलंस तर साकेतचं दुकान जाईल, तुझी नोकरी जाईल आणि त्या बाईची भाकरीही जाईल. तिला एकदा तू बुडवलंसच. दुसऱ्यांदा बुडवायला निघताना छान साडी नेस, सरकारी लोक फोटो काढतात.

पेढा राहिलाच. लोभ आमच्याकडून कमी झालेला नाही, हे ध्यानात ठेव.

मालतीकाकू


नवनगर
२१ नोव्हेंबर

ती. काकूंस,
नमस्कार.

काल तारिहाळला गेले होते. दादा नव्हता. मी चंद्रभागाला विचारलं की मी खरं सांगितलं तर तुझं हे कामही जाईल, मग काय करू. तिने हातातलं लेबल चिकटवून पुरं केलं. म्हणाली की अक्कोरू, माझं शेत घालवताना मला विचारलं नाहीत, आता हे काम घालवताना का विचारताय. मी हो म्हटलं म्हणजे तुम्हाला झोप येईल म्हणून?

मी म्हणाले की मी कार्यालयात लेखी देणार आहे. ती म्हणाली की कार्यालयात माझं नाव कोण ओळखतं. ज्या बायकांसमोर वाचलंत, त्यांच्यासमोर बोला, आणि कागद न धरता. मी माफ करेन असं मात्र समजू नका, तिथेही नाही आणि नंतरही नाही. मग तिने दुसरी बाटली उचलली.

लेखी तक्रार मी आज सकाळी साहेबांच्या हाती दिली. दादाचं नाव लिहिलं, त्याच्या खाली माझं. आपलं पत्र जोडलेलं नाही. ते माझ्यापाशीच राहील. तुम्हीच मला वाचायला शिकवलंत. साहेबांनी मला तूर्त कामावर न येण्यास सांगितलं आहे. बैठकीला मी पदरखर्चाने, एस.टी.ने जाईन.

यापुढे माया ठेवावी असं मी मागत नाही. काकांनी ठेवली तर मला चालेल.

मधुवंती

ता. क. तुम्हाला अडवायचं असेल तर दिवस माहीत असावा, म्हणून कळवते. गावच्या बायकांची बैठक सोमवारी, २४ नोव्हेंबरला आहे.