हसऱ्या तोंडाने खाल्लेली रजा

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात (साबणाने सोललेले) जोडून नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि आईचा हट्ट, तिन्ही ताब्यात असतील. मी ठणठणीत आहे. तसं मला लेखी मिळालंय, तेच सांगायला हे पत्र.

साथ आल्यापासून रुग्णालयाच्या धुलाईखान्यात आम्ही सातजण चादरी उकळतोय, हे तुला ठाऊक आहेच. तर एके दिवशी साहेबांना आमच्या मनाची काळजी वाटली. (हातमोज्यांची वाटली असती तर पाय धरले असते! एकच जोडी तीन दिवस पुरवतोय.) पण नाही, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. रोज अकराच्या ठोक्याला ते विचारणार, आज कसं वाटतंय? खाली पाच तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. रडकं दाबलं की सल्ला, खोल श्वास घ्या. अगं, तोंडावर दोन मास्क, समोर उकळती टाकी, खोल श्वास घेतोय डोंबलाचा! दुसरा सल्ला, जवळच्या माणसाला मिठी मारा. जवळ मुकादम असतो.

बरं, अकराला आमचे हात कोपरापर्यंत पाण्यात. ओल्या मोज्यांनी ती तोंडं दाबली जाईनात, आणि नाही दाबलं तर मुकादम नाव लिहून घेणार. मग सगळ्यांचे फोन इस्त्रीवाल्याकडे, कारण कोरडे हात त्याचेच. माणूस भला. दुसऱ्याच्या फोनवर रडकं तोंड दाबणं त्याला अभद्र वाटे. दोन महिने त्याने आम्हा सातांना नुसतं हसवलं.

निकाल काय? धुलाईखाना सर्वांत आनंदी विभाग! प्रमाणपत्र, टाळ्या, फोटो. आणि आईला भेटायला मागितलेली माझी रजा नामंजूर, कारण आधी दुःखी विभागांचा नंबर. मी म्हटलं, साहेब, मी दुःखी आहे हो! साहेबांनी मोबाइल पुढे केला. म्हणाले, इथे तसं दिसत नाही. आठ महिने आईचं तोंड पाहिलं नाही ताई, आणि त्या पिवळ्या थोबाडाने माझी रजा खाल्ली. नुसता संताप होतो.

आनंदी विभागातला तुझा,
धाकटा

ता. क. काल हात पुसून मी स्वतः रडकं दाबलं. ॲप म्हणालं, जवळच्या माणसाशी बोला. तुझा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. तोंड उघडलं असतं तर रडलोच असतो, म्हणून पत्र. आता तूच फोन कर. कसा आहेस विचारू नकोस, नेहमीसारखी खडसाव.

आणखी एक. फोन आईच्या हातात देऊ नकोस, तिला आवाजावरून कळतं. तिला म्हणावं, मजेत आहे, प्रमाणपत्र मिळालंय.