कुमाईतासाठी ट्रक

१२ मे
आजपासून रोज लिहायचं. रेडिओवर एक बक्षीस मिळवलेला माणूस सांगत होता की ज्याला घोड्याची वही ठेवता येत नाही त्याने शर्यतीचा घोडा ठेवू नये, शेळी ठेवावी. मुलीची जुनी शाळेची वही सापडली. मागची पानं कोरी आहेत.
घोडा : कुमाईत. तांबूस अंग, काळी आयाळ, मागचा डावा पाय पांढरा. वय सात. स्वभाव उत्तम. गेल्या तीन वर्षांत नादामच्या (उन्हाळी जत्रेच्या) शर्यतीतला नंबर : एकतीस, अडतीस, चाळीस. (कारणं उद्या.)

१३ मे
कारणं. पहिल्या वर्षी वारा. दुसऱ्या वर्षी धूळ. तिसऱ्या वर्षी पुढच्या घोड्यांची धूळ.

२० मे
मध्ये वेळ झाला नाही. आज यांजमाशी महत्त्वाचं बोलणं झालं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण महत्त्वाचं बोलणं दोनतीनदाच झालंय. ती म्हणते, बर्फाने कळप नेला, उरल्यात चाळीस मेंढ्या, सहा घोड्या आणि कुमाईत, आता उलानबातरला ओयुनकडे जाऊ. ओयुन आमची मुलगी. तिच्या कुंपणात एक गेर, म्हणजे आपला लोकरी नमद्यांचा गोल तंबू, उभारण्याइतकी जागा आहे. मी म्हटलं, कुमाईत या नादामला पहिल्या पाचांत येणार. पहिल्या पाचांचं गाणं म्हणतात, त्यांच्या पाठीवर ऐराग, घोडीचं आंबवलेलं दूध, ओततात. असा घोडा सोडून कोण जातं?
ती म्हणाली, "ठीक आहे, म्हातारबा. आला पाचांत तर थांबू. नाही आला तर पानगळीत सामान बांधायचं. मग कुरकुर नको."
मी लगेच हो म्हटलं. इतक्या स्वस्तात ती ऐकेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे इथेच राहायचं हे आता नक्की झालं.

२ जून
घोडं पेंड कुठे खातंय ते आज कळलं. प्रांताच्या नादामचं मैदान इथून एकशेऐंशी किलोमीटर. आपण चालवत नेतो. चार-पाच दिवस! घोडा पोचतो तोच दमून. ज्यांचे नंबर येतात त्यांचे घोडे ट्रकमधून येतात, हे मी स्वतः पाहिलंय. ट्रक पाहिजे. बाकी घोड्यात आणि माझ्या ट्रेनिंगमध्ये काही कमी नाही.

४ जून
यांजमाचा धाकटा भाऊ गोंबो आला होता. त्याच्याकडे कोरियातून आलेला एक छोटा निळा ट्रक आहे. चार दुभत्या घोड्यांच्या बदल्यात देतो म्हणाला. "दाजी, तुम्ही म्हणून देतोय. दुसऱ्याला दिला नसता." दुसऱ्या कुणी मागितलाय का, हे विचारायचं राहिलं.

५ जून
ट्रक घ्यायचा.

६ जून
घ्यायचा नाही. चार घोड्या गेल्या तर उरतात दोन आणि कुमाईत. ऐराग कशाचं करायचं? यांजमाच्या ऐरागसाठी लोक तीन खोरी ओलांडून येतात.

७ जून
घ्यायचा. चुलतेमला विचारलं. (चुलतेम म्हणजे नदीपलीकडचा शेजारी. घोड्यांतलं कळतं त्याला, पण जुन्या वळणाचा.) म्हणाला, "चालत गेलेला घोडा वाटेत पाणी ओळखतो, वारा ओळखतो. डब्यात घालून नेलेला काय ओळखणार? डबा?" स्वतःकडे ट्रक नाही म्हणून बोलतो, दुसरं काय.

८ जून
विचार चालू.

१० जून
शेवटी यांजमाला सांगितलं. मनाची तयारी करून, दोन वाट्या चहा पिऊन, उत्तरं पाठ करून. ती चिडेल असं वाटलं होतं. चारही घोड्या तिने शिंगरं असल्यापासून वाढवल्यात. तिने माझी वाटी पुन्हा भरली. मग विचारलं, मागची जागा किती लांब आहे? शेगडी उभी राहील का? मी म्हटलं, घोड्याला शेगडी कशाला. ती म्हणाली, सहज विचारलं. मग म्हणाली, "घ्या."
बोलणं कसं मांडायचं हे आलं पाहिजे. मला ते पहिल्यापासून जमतं.

१४ जून
ट्रक आला. दारावर एका तळलेल्या कोंबडीचं चित्र आहे. कोंबडी हसते आहे. खाली कोरियन अक्षरं. पुसायचा प्रयत्न केला, निघत नाही. चुलतेम नदीपलीकडून ओरडला, "दांझान, अंडी देते का?"
घोड्या घेऊन गोंबो गेला. यांजमा गेरच्या आत होती. बाहेर आली नाही.

१५ जून
यांजमा सकाळी दोरी घेऊन ट्रकची मागची जागा मोजत होती. लांबी, रुंदी, सगळं. दोरीला गाठी मारून ठेवल्या. कुमाईताची तिला एवढी काळजी आहे हे पाहून बरं वाटलं.

१६ जून
चढवण्याचा सराव, दिवस पहिला. ट्रक उंचवट्याला मागे लावायचा, फाळका पाडायचा, घोडा सरळ आत जातो. सोपं आहे. कुमाईत गेला नाही. पहिलाच दिवस आहे.

१७ जून
नाही.

१८ जून
नाही. मी आत जाऊन दाखवलं. तो बघत राहिला.

२१ जून
डोळ्यांवर फडकं बांधून पाहिलं. मागून ढकलून पाहिलं. लाथ बसली, मांडीवर. हाड शाबूत. ट्रेनिंगमध्ये असं होतं.

२४ जून
घोड्याचं पोट छान उतरलं आहे. आज पळवून आणल्यावर त्याचा घाम खरवडला आणि चाखला. पाण्यासारखा पातळ, मीठ नाही! घोडा तयार झाल्याची ही पक्की खूण. चुलतेम आला होता, त्यालाही चाखवला. त्याने जिभेवर घोळवला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "अरे, हा तुझाच आहे." आम्ही तासभर ढकलत होतो, मिसळला असेल थोडा.

२९ जून
नाही.

१ जुलै
खरं लिहायचं तर आज उंचवट्यावर बसून राहिलो. कुमाईत चरत होता. इथेच माझा जन्म झाला, वडिलांची चितकबरी घोडी इथेच बांधलेली असायची. शहरात मी काय करणार? तिथे लोक पत्ता विचारतात तेव्हा नंबर सांगावा लागतो. मला भीती वाटते. हे पान नंतर फाडीन.

५ जुलै
चढला! गंगेत घोडं न्हालं! यांजमा दोरी घेऊन ट्रकमध्ये परत काहीतरी मोजायला चढली होती, आणि कुमाईत आपला सरळ तिच्या मागोमाग आत. ती म्हणाली, "अगं बाई, तू कुठे आलास?" वीस दिवसांच्या माझ्या ट्रेनिंगला फळ आलं.

६ जुलै
चुलतेम आज निघाला. चालत. त्याचं दोन वर्षांचं शिंगरू आणि घोड्यावर त्याची नात नोमिन. कुमाईतावर बसणारही तीच आहे. "कुमाईताला दे माझ्याबरोबर," म्हणाला. मी हसलो. चार दिवस ऊन खाणार बिचारा. आपण परवा निघून संध्याकाळी मैदानावर.

८ जुलै
सकाळी सातला निघालो. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून चुलतेमच्या बायकोने चाकांमागे दूध शिंपडलं. यांजमा मागे कुमाईताजवळ, ती उतरली की तो उतरतो म्हणून. घोडामैदान जवळच आहे!

८ जुलै, दुपारी २
शंभर किलोमीटरवर पंख्याचा पट्टा तुटला. इंजिनातून वाफ. किरकोळ काम आहे. पट्टा मात्र पाहिजे.
अडचण एवढीच की घोडा उतरवायला उंचवटा लागतो आणि इथे चारी दिशांना जमीन परातीसारखी सपाट आहे. कुमाईत उन्हात उभा. यांजमा त्याच्यावर आपली ओढणी धरून उभी.

८ जुलै, दुपारी ४
मागून चुलतेम आला. शिट्टी वाजवत. थांबला, बघितलं, कोंबडीला नमस्कार केला. मग घोड्यावरून उतरून फावडं घेतलं आणि म्हणाला, मागच्या चाकांसाठी खड्डे खणू, ट्रक खाली बसेल, घोडा उतरेल. तसंच झालं. कुमाईत उतरला. आता ट्रक खड्ड्यात आहे.
चुलतेम परत म्हणाला, "दे माझ्याबरोबर. ऐंशी किलोमीटर राहिलंय. चालत येईल, पाय मोकळे होतील." यांजमा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मग ट्रक घेतला कशाला? चार घोड्या दिल्यात. यांजमाने मान खाली घातली. चुलतेम गेला. जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मत्सर वाईट.

१० जुलै
पट्टा आज दुपारी मिळाला. एका मोटारसायकलवाल्याने आणला, दुसऱ्याच गाडीचा, पण बसला. ट्रक खड्ड्यातून काढायला सहा माणसं आणि एक उंट लागला. वाटेतल्या ओढ्याच्या काठावरून कुमाईताला चढवलं. हसऱ्या कोंबडीमुळे रस्त्यात सगळे ओळखतात, हा एक फायदा.

११ जुलै, सकाळी ६
पोचलो. शर्यत दहाला. कुमाईताचे मागचे पाय जरा सुजल्यासारखे दिसतात. उजेडाचा परिणाम असावा.

११ जुलै, दुपारी
चोपन्नमध्ये बावन्नावा.
मागच्या दोनांपैकी एक पाणी प्यायला थांबला आणि एकाचा स्वार पडला. तरी मागे ते मागेच. नोमिन म्हणाली, "आजोबा, तो पळत होता, पण त्याचे पाय झोपले होते." धूळ नव्हती. वारा नव्हता.
चुलतेमचं शिंगरू दोन वर्षांच्यांच्या शर्यतीत सातवं आलं.
यांजमाने कुमाईताची आयाळ विंचरली.  मी तिला म्हटलं, पट्टा तुटला नसता तर. ती म्हणाली, "हो." कुरकुर करायची नाही असं ठरलं होतं, म्हणून पुढे काही बोललो नाही.

३ सप्टेंबर
यांजमाने सामान बांधायला घेतलं आहे. दोरीवर तिने मारलेल्या गाठी आता कळल्या. ही भिंतीची जाळी, ही शेगडी, हा पेटारा. जूनमध्येच मारल्या होत्या. मी विचारलं, तुझा घोड्यावर विश्वास नव्हता? ती म्हणाली, घोड्यावर होता.

१९ सप्टेंबर
मेंढ्या आणि दोन्ही घोड्या चुलतेमकडे. कुमाईतही त्याच्याकडे. फक्त वर्षभरासाठी. पुढच्या उन्हाळ्यात मी ट्रक घेऊन येणार आणि व्यवस्थित तयारी करणार. प्लॅन तयार आहे.

२१ सप्टेंबर
निघालो. गेर, शेगडी, पेटारा, दोन पलंग, सगळं बरोब्बर बसलं, वीतभरही जागा उरली नाही. यांजमाचं मोजमाप चोख. पुढच्या सीटवर तिला डिझेलचा वास सहन होत नाही, म्हणून ती मागे नमद्यांच्या गठ्ठ्यावर बसली.
चुलतेम निरोपाला कुमाईताला घेऊन आला होता. ट्रक उंचवट्याला लागलेला. यांजमाला वर बसलेलं बघून कुमाईत आपणहून आला आणि पुढचे दोन पाय फाळक्यावर ठेवले. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. जागा नव्हती. चुलतेमने लगाम धरून त्याला मागे घेतलं.
चाकांमागे शिंपडायला आमच्याकडे घोडीचं दूध नव्हतं. यांजमाने पावडरचं कालवून आणलं होतं.

१५ नोव्हेंबर, उलानबातर
ट्रक घेतला हा निर्णय किती योग्य होता ते आता दिसतंय. लोकांचं सामान हलवायला रोज कुणीतरी बोलावतं. कोळशाच्या गोण्याही वाहतो. इथे सगळे मला कोंबडीवाले आजोबा म्हणतात. घोड्यांबद्दल कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगायला बरंच आहे.

२ मार्च
पुढच्या महिन्यात गावी जायचं पक्कं. गिअरचं काम झालं की.

२० मे
गिअरचं काम चालू. जूनमध्ये नक्की.

१२ जुलै
सकाळी चुलतेमचा फोन. वाऱ्यात उभा असावा, नीट ऐकू येत नव्हतं. ओरडून म्हणाला, "दांझान, तुझा कुमाईत चौथा आला! पाठीवर ऐराग ओतलं! मालक म्हणून तुझं नाव घ्यायला लावलं मी, सगळ्या मैदानाने ऐकलं!"
मी विचारलं, ट्रक कुणाचा घेतलास?
तो हसला. "ट्रक कशाला? चालत आला. चार दिवस. वाटेत तुझ्या त्या खड्ड्यांपाशी थांबून चरला."
पाया माझ्या ट्रेनिंगचाच आहे, हे मी त्याला सांगणार होतो. तेवढ्यात फोन तुटला.
यांजमा कणीक मळत होती. विचारलं, कुणाचा फोन? म्हटलं, कुमाईत चौथा आला. तिचे हात थांबले. बराच वेळ पिठातच होते. मग म्हणाली, "म्हणजे थांबलो असतो."
परत मळायला लागली.
बाहेर एक माणूस उभा आहे, त्याला कपाट हलवायचं आहे. ट्रकची बॅटरी उतरलीये. लिहिण्यासारखं विशेष काही नाही.