ह्यांची गोफण आणि तो ड्रोन

५ जानेवारी
आज पुन्हा तो ड्रोन! मी न्हाणीत, आणि हा वर घोंगावतोय. आमच्या न्हाणीला छप्पर नाही, लाजेनं मेले. आवाजानं गायही बुजली, तिनं पान्हा चोरला. पलीकडचा प्लॉटिंगवाला काकासाहेब जाहिरातीसाठी उडवतो म्हणे.
हे म्हणाले, "येऊ दे उद्या. गोफनीनं पाडतो."
पाडतीलच. ज्वारीच्या राखणीत ह्यांचा नेम मिरजगावापर्यंत ठाऊक. लग्नाआधी मी ह्यांना पाहिलं तेच रानातल्या माळ्यावर गोफण फिरवताना. भाळले, खोटं कशाला लिहू.

७ जानेवारी
ड्रोन आला. हे कान देऊन उभे, मग गोफण फिरवली — दगड भलतीकडेच! दुसराही तसाच.
"म्हातारे झालात," मी म्हटलं.
"वारा हुता."
कसला वारा? लिंबाचं पान हलत नव्हतं. मी पोट धरून हसले. हे रुसले. गरम भाकरीवर लोणी ठेवलं तेव्हा कुठे बोलले.

८ जानेवारी
ह्यांनी घरापासून विहिरीपर्यंत दोरी बांधली.
"तुझ्या साड्या वाळत घालाया," म्हणाले.
इतक्या वर्षांनी सुचलं. तरी बरं वाटलं. मी दिवसभर उगाच गुणगुणत होते.

१२ जानेवारी
काकासाहेबाकडे भांडायला गेले. हे आले नाहीत — "तू जा, म्या गाय बघतो."
"मावशी, न्हाणीचं काय बी घेतलेलं न्हाई. तुमीच बघा," म्हणत त्यानं मोबाईल पुढे केला.
खरंच न्हाणी नव्हती. आमचं रान होतं. आणि भर उन्हात हे, दोरी धरून विहिरीकडे चाललेले. एका जागी दोरी सुटून पडलेली. तिथे हे थांबले. मग खाली बसून हातानं जमीन चाचपू लागले. तेवढ्यात मी भाकरी घेऊन येताना दिसते. माझी चाहूल लागली तशी हे झटकन उठले, धोतर झटकलं, हसले.
काकासाहेबानं मान खाली घातली. "पुसून टाकतो. तुमच्याकडं परत न्हाई उडवत."
भांडण करायचं राहूनच गेलं. वाटेत बांधावर बसून रडले. मी हसले होते ह्यांना.

१३ जानेवारी
नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्या जायचंय. ह्यांना सांगितलं, मला हल्ली नीट दिसत नाही, सोबत चला.
लगेच म्हणाले, "चल की. हात धरून नेतो तुला."