चौदा मीटर वाळू

१४ जून, शनिवार

बंद! रुळांवरची खुर्ची बंद!

आठ महिने वाट बघितली. आज आई आणि मी ट्राममधून तासभर उकडून निघालो, आणि पोचल्यावर हे.

खुर्ची ती काय! पाण्यात उतरणारे दोन रूळ, त्यावर एक आसन. व्हीलचेअरवरून तिच्यावर सरकायचं, बटण दाबायचं, की आपण समुद्रात. कुणाचा हात नको, कुणाची दया नको. अथेन्समध्ये चाळीस डिग्रीत जगायचं तर माझ्यासारखीला एवढंच लागतं.

बंद तर बंद, पण तिथवर जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेवरही अर्गिरिसच्या आरामखुर्च्या! छत्र्यांसकट भाड्याने देतो तो. मागच्या वर्षी वाटेवर चार होत्या. आज अकरा.

"हटव," म्हटलं.

"गिऱ्हाईक बसलंय, पोरी. आणि यंत्र बंद आहे, तिथे जाऊन करणार काय?"

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. पोरी!

१६ जून, सोमवार

नगरपालिकेच्या कचेरीत फोन.

"मॅडम, आमच्या नोंदीत ते यंत्र चालू आहे."

"मी परवा बघून आले. बंद आहे."

"असेल. पण नोंदीत चालू आहे."

"मग मी तुमच्या नोंदीत पोहू का?"

फोन आपटला. त्याने. ती संधीही मला मिळाली नाही!

१९ जून, गुरुवार

पुन्हा फोन. तो माणूस रजेवर. कुठे गेला असेल? समुद्रावर!

२८ जून, शनिवार

आता आसनच गायब. 'दुरुस्तीला नेलंय' म्हणे. उघड्या रुळांवर लोकांनी ओले टॉवेल वाळत घातलेत.

एक म्हातारी आली, मला बघून छातीवर क्रूसाची खूण केली — मी म्हणजे जशी अंत्ययात्रा! — आणि म्हणाली, "शाब्बास गं माझी वाघीण! एवढं असूनही घराबाहेर पडतेस!" हातात एक पीच ठेवलं.

पीच गोड होतं. त्याचा आणखी राग आला.

६ जुलै, रविवार

आईशी कडाक्याचं भांडण.

बाबा गेल्यापासून नऊ वर्षं ती काळ्या कपड्यांत. या उन्हातही काळे पायमोजे! मांडीवर पिशवी घेऊन समुद्राकडे तोंड करून बसते, जणू दवाखान्यात नंबर लागायचाय.

"सोड ना झेनी," म्हणाली. "लोक बघतात. घरी टब भरून देते. मीठ टाकते हवं तर."

मीठ! समुद्र म्हणजे तिला मिठाचं पाणी वाटतं.

"तुला काय कळणार!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "डोंगरातली तू. चौऱ्याहत्तर वर्षांत घोट्याच्या वर पाणी लागू दिलं आहेस का?"

 

१२ जुलै, शनिवार

एकटी गेले. आई म्हणाली, गुडघे दुखतात. दुखू देत!

अर्गिरिस आला, बर्फाची कॉफी घेऊन. त्याला वाटलं कॉफीने भागेल.

"मी उचलून नेतो ना तुला. पिसासारखी आहेस. दोन मिनिटांचं काम."

"नको."

"मग भांडतेस कशाला? पाण्यात जायचंय की भांडायचंय?"

काय सांगू याला! मागच्या वर्षी एकदा यंत्र अडलं तेव्हा दोघा पोरांनी उचलून नेलं होतं. एकाने पाण्यात मला कडेवर घेऊनच फोटो काढला. 'आजचं पुण्य' असं खाली लिहून जगाला दाखवला. मोटारसायकलचा अपघात झाला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. तेव्हापासून एकोणीस वर्षं लोक मला उचलतायत, ठेवतायत, वळवतायत. पाण्यात गेले की मला वजन नसतं. तिथे तरी मला कुणी पोचवायला नको. मी जाणार. मी!

हे त्याला सांगितलं नाही. कॉफी वाळूत ओतली.

१९ जुलै, शनिवार

अक्षर वाकडं येतंय. पण आजच लिहायचं.

आई बरोबर होती. फळ्यांच्या वाटेवर आज तेरा आरामखुर्च्या. मी म्हटलं, "अर्गिरिस, वाट दे." तो म्हणाला, "यंत्र येऊ दे, मग देतो." मी म्हटलं, "यंत्र मरू दे." आणि व्हीलचेअरवरून खाली उतरले. म्हणजे पडलेच.

पालथी झाले आणि कोपरांवर निघाले. चौदा मीटर. दर वर्षी नजरेने मोजलेत, मला पाठ आहेत. वाळू तव्यासारखी. सिगारेटची थोटकं, कलिंगडाच्या बिया. एका छत्रीखालचं रेडिओवरचं गाणं बंद झालं, मग दुसऱ्या छत्रीखालचं. दोघं धावत आले.

"हात लावू नका!" मी किंचाळले. एवढ्या मोठ्याने मी बाळंतिणीच्या वॉर्डातही कुणाला ओरडताना ऐकलं नाही, आणि मी तिथे दहा वर्षं टेलिफोनवर बसले आहे.

आई मागून येत होती. "झेनी, ऊठ! ऊठ गं!" ऊठ! एकोणीस वर्षांनी अजून तिच्या तोंडात ऊठच येतं.

मग हाताला ओलं लागलं. मग छातीला. एक लाट आली आणि तिने मला घेतलं.

हातांनी पाणी मारत आत गेले. लांब. वळले तेव्हा अख्खा किनारा उभा होता, आणि सगळ्यांच्या पुढे आई — बुटांसकट पाण्यात, घोट्यापर्यंत, पायमोजे भिजलेले.

"परत ये!" ती ओरडत होती. "मला तिथे येता येत नाही! झेनी, मला येता येत नाही!"

मी परत वळले नाही. मुद्दाम! बराच वेळ.

परत आणलं शेवटी अर्गिरिसने. तेवढं त्याला करू दिलं. दमले होते. 

२० जुलै, रविवार

दोन्ही गुडघे आणि मांड्या भाजल्यात. सालपटं निघालीत, फोड आलेत. मला तिथे काही जाणवत नाही, त्यामुळे रात्री आईने कपडे बदलताना बघितलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाला, तीन आठवडे पाणी नाही. समुद्र तर नाहीच नाही.

आई पट्ट्या बांधत होती. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

२३ जुलै, बुधवार

कुणीतरी माझं सरपटणं मोबाइलवर घेतलं होतं. पसरलं सगळीकडे. काल कचेरीची गाडी आली म्हणे, आसन बसवलं, रूळ धुतले, वाट मोकळी केली. एका दिवसात! पाच आठवडे मी माणसासारखी बोलत होते तेव्हा यांना ऐकू आलं नाही. जनावरासारखी सरपटले तेव्हा दिसलं!

आणि आता खुर्ची चालू, आणि मी खाटेवर.

टीव्हीवाल्या बाईचा फोन. "तुम्हाला आता कसं वाटतंय?"

"भाजल्यासारखं," म्हटलं.

३१ जुलै, गुरुवार

आई रोज सकाळी सहाला बाहेर. नऊला परत. विचारलं तर "देवळात." माझ्या पट्ट्या सुकून जातात, मीच ओरबाडून काढते, आणि ही देवापुढे मेणबत्त्या लावते! आज बोलले: "देवाला सांग, मुलगी घरी आहे म्हणून."

"सांगते," म्हणाली. आणि झोपली. दिवसाढवळ्या, घोरत.

३ ऑगस्ट, रविवार

चाळीस डिग्री. खाली रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सगळं शहर समुद्रावर. मला कुणाशीच बोलायचं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

बटण दाबलं, गेले. स्वतःची स्वतः. मागे वळले तर आईने अंगातला झगा काढला. आत पोहण्याचा पोशाख — काळाच. ती चालत आली, घोटे, गुडघे, कंबर, आणि मग पाय उचलले. तोंड वर, कुत्र्यासारखे हात मारत, पाणी गिळत, शिव्या देत थेट माझ्यापर्यंत.

"कुणी शिकवलं?"

"अर्गिरिसने. रोज सकाळी. फार ओरडतो मेला."

आणि दमली. माझ्या गळ्यात हात टाकले, सगळा भार टाकला. मी तिला धरून ठेवलं.