उघड्या पानावरचं नाव

बुधवार, ता. ५

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न.

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सगळं फिरलं. त्याआधी मी तुझा नेहमीचा आगाऊ भाऊ होतो. आता जिन्यावर पाऊल वाजलं तरी दिवा मालवतो. फोन करू नकोस. म्हणूनच कागदावर लिहितोय.

कॉलेज सोडल्यावर मी सुरू केलेली ‘उघडं पान’ ही वेबसाइट तुला ठाऊक आहेच. नाव न नोंदवता कुणीही वाचावं, कुणीही लिहावं. दवाखान्यात डॉक्टर आहेत का, कुठला रस्ता खणलाय, सगळं त्यावर. नियम एकच, तोही माझाच: काहीही कायमचं खोडायचं नाही. दुरुस्ती केली तरी ‘आधीचं पाहा’ दाबलं की जुना मजकूर दिसतो. कुणी साहेबानं दम देऊन काही बदलायला लावलं, तर लोकांना कळावं म्हणून.

आता ती, मला आवडते ती, पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतली. (हसू नकोस.) गावाला पाणी देणाऱ्या वरच्या टाकीत मैल्याचे जंतू सापडलेत आणि खात्याच्या वेबसाइटवर मात्र ‘पिण्यास योग्य’. तिनं मला तपासणीचा कागद दिला आणि एवढंच म्हणाली, की माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. मी आकडे टाकले. आणि ताई, खाली लिहिलं की हे धाडस कुणाचं. पूर्ण नाव! ती काय चीज आहे ते सगळ्यांना कळू दे, असं त्या क्षणी वाटलं. अकरा मिनिटांनी अक्कल आली, नाव काढलं. पण नियम माझाच. चार दहाला पाहिलं, तर तो जुना मजकूर कुणीतरी उघडला होता. एकदाच. कोणी, ते कळायची सोय मीच ठेवलेली नाही.

रागाव, पण उत्तर दे.
तुझा धाकटा


शनिवार, ता. ८

चि. भडकूस,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा उठून दाराला कडी घातली, दुसऱ्यांदा थोडं हसूही आलं. प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडलंस तेव्हा आपण कुणाच्या बापाला भीत नाही म्हणाला होतास.

मावशीचा फोन आला होता. तुझ्या पानावर वाचून त्यांची अख्खी इमारत पाणी उकळून पितेय. खालच्या मजल्यावरच्या बाळाचे जुलाब थांबले म्हणे. तुझे भावोजी म्हणतात, सगळं पुसून टाक आणि इकडे निघून ये. मलाही पटलं होतं, निम्मं पत्र तसं लिहूनही झालं. मग एक गोष्ट खुपली. मला तू सगळं कळवलंस, पण तिला सांगितल्याचा एक शब्द नाही. अरे भित्र्या, जिची मान सुरीखाली आहे तिलाच पत्ता नाही?

वेळेवर जेव. माया आहेच, धपाटाही तिच्यातलाच धर.
ताई


मंगळवार, ता. ११

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आत्ताच मिळालं. नाही सांगितलं. रोज भेटलो, रोज उद्यावर ढकललं. कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही, ही भीती तिच्या नोकरीहून मोठी ठरली. लिहितानाही लाज वाटते.

रविवारी सगळं पुसायला बसलो होतो. पण पान उघडं ना! एका निवृत्त मास्तरांनी पानावरच लिहिलंय, की ते जुन्या मजकुरासकट आपल्या संगणकावर उतरवून ठेवलंय. आणखी किती जणांनी, देव जाणे. मी पुसलं तरी तिचं नाव कुठेतरी राहणारच, जाईल ती फक्त पाण्याची खबर.

काल मी कामाला असतो त्या झेरॉक्सच्या दुकानात दोन माणसं आली. पान चालवणारा पोरगा कुठे भेटेल, असं मालकाला गोडीत विचारत होती. मालकानं माझ्याकडे न बघता, असला कुणी माहीत नाही म्हणून सांगितलं. मी त्यांच्याच कागदाच्या प्रती काढत होतो. एक कागद तिरका गेला.

आणि आज सकाळी ती हसत हसत सांगून गेली, की चार वाजता मोठ्या साहेबांनी बोलावलंय, बढती असणार. मी ‘हं’ म्हणालो. नुसतं ‘हं’!

आता तीन वाजून पाच मिनिटं झालीत. चालत वीस मिनिटं लागतात. फाटकावर गाठून तिला सगळं सांगतो. शिव्या देईल, देऊ दे. आत पाऊल टाकताना तिला ठाऊक हवं. तिची हरकत नसेल तर मीही आत जाईन आणि कागद मी ढापला, नाव खुन्नसनं टाकलं, असं सांगेन. घाईत लिहितोय, अक्षर बघतेसच.

पाकीट वाटेत पेटीत टाकतो. परत कसाही आलो तरी लोभ कमी करू नकोस. कुलूप सापडत नाहीये. नुसतं दार ओढून निघतो.

धाकटा