सकाळची गोळी

मंगळवार, संध्याकाळ. नारपोली.

१३२/८२. आणि तेही रात्रपाळीच्या आठवड्यात!

गेल्या वेळी बाबांचं प्रेशर २१०/१२० होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "असंच राहिलं तर फार वर्षं धरू नका." घरी रोज मोजून आलेख काढला, तर प्रेशर एक आठवडा आड चढत होतं. बाबांना विचारलं.

"गोळी सकाळची हाय ना? रात्रपाळीला सकाळी मी झोपलेला असतो!"

हे मला आधी का सुचलं नाही? बाईंना विचारून गोळी संध्याकाळी आठला केली. तेव्हा बाबांच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, पाळी बदलते; दिवसपाळी असो की रात्रपाळी, बाबा जागेच असतात.

आज १३२/८२. दोनदा मोजलं. बाई म्हणाल्या, "सोडू नका काका, चांगले म्हातारे व्हाल."

"म्हातारा? मी?" बाबा रिक्षातही कुरकुरत होते.

हो, बाबा. तुम्हीच.